रेघ जवळ आली की

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी माळशिरसहून वेळापूरकडे निघाली, की वेळापूरच्या अलीकडे एक टेकाड लागतं. आळंदी सोडून तोवर पंधरवडा उलटलेला असतो. पुण्याचा मुक्काम, दिवेघाटाची चढण, जेजुरी, लोणंद, फलटण सगळं मागे पडलेलं असतं. पायांना आलेले फोड फुटून वाळलेले असतात. आणि नेमके इथेच, त्या उतारावरून वारकरी पळत सुटतात. याला 'धावा' म्हणतात. तुकाराम महाराजांना या जागेवरून पंढरीचा कळस दिसला आणि ते तिथून धावतच निघाले, अशी आख्यायिका आहे. खरं तर पंढरपूर अजून तीसेक किलोमीटर लांब असतं. मध्ये भंडीशेगाव आहे, वाखरी आहे. पण डोक्यावरचं तुळशीवृंदावन एका हाताने सावरत सत्तरीच्या आजीसुद्धा धावतात.

रस्ता तोच, पाय तेच, आणि तेही दमलेले. मग हा जोर येतो कुठून? भक्तीतून, हे वारकऱ्यांचं उत्तर, आणि त्यांच्यापुरतं ते पुरेसं आहे. पण असाच जोर भक्तीशी काही देणंघेणं नसलेल्यांनाही येतो. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात येतो, घराच्या कर्जाचे शेवटचे चार हप्ते उरले की येतो. इतकंच काय, उंदरांनाही येतो. (वारकऱ्यांच्या पंगतीला उंदीर आणून बसवल्याबद्दल माउली रागावणार नाहीत, त्यांनी तर रेड्याला बोलतं केलं होतं.)

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात क्लार्क हल नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. प्राणी लक्ष्याच्या जितका जवळ जाईल तितकी त्याची ओढ वाढते, अशी कल्पना त्यांनी १९३२ साली मांडली. दोन वर्षांनी त्यांनी लांब, सरळ बोळातून उंदरांना पळवलं आणि टप्प्याटप्प्यावर त्यांचा वेग मोजला. टोकाला ठेवलेलं खाणं जसजसं जवळ येई, तसतसा उंदीर जोरात पळे. पुढे १९४८ मध्ये जडसन ब्राऊन या संशोधकाने याहून गमतीशीर काम केलं. त्याने उंदराच्या अंगात एक चिमुकला पट्टा चढवला, पट्ट्याला दोरी बांधली आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला जोर मोजणारं उपकरण जोडलं. उंदीर खाण्याकडे निघाला की वाटेत त्याला अडवायचं, आणि तो दोरी किती ताकदीने ओढतो ते ग्रॅममध्ये वाचायचं. खाणं लांब असताना ओढ कमी भरली, जवळ असताना जास्त. इच्छेसारखी हवेतली गोष्ट चक्क तोलून बघितलेली ही पहिली दोरी असेल की नाही, ते बाजूला ठेवू. पण ती दोरी ताणलेली डोळ्यांसमोर आणली की मला अजूनही नवल वाटतं.

माणसाच्या कमरेला असा पट्टा बांधायची सोय नाही. मग कॉफीचं कार्ड वापरलं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या एका कॅफेत रान किवेट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'दहा कॉफी घ्या, पुढची फुकट' अशी कार्डं वाटली. प्रत्येक कॉफीला एक शिक्का. शिक्के वाढत गेले तसं दोन कॉफ्यांमधलं अंतर घटत गेलं. पहिल्या शिक्क्यांच्या वेळी आळसात येणारी माणसं नवव्या शिक्क्याला लगबगीने येऊ लागली. फुकटची कॉफी पिऊन नवं कार्ड हातात पडलं, की गडी पुन्हा पहिल्यासारखा संथ. कॉफी तीच आणि तलफही तीच होती. बदललं होतं फक्त अंतर.

खरी मौज पुढेच आहे. याच संशोधकांनी दोन प्रकारची कार्डं केली. एकात दहा रिकामी घरं. दुसऱ्यात बारा घरं, पण दोनांवर आधीच शिक्का मारलेला. दोघांनाही दहाच कॉफ्या घ्यायच्या होत्या. तरी बारा घरांचं कार्ड मिळालेल्यांनी दहा कॉफ्या सरासरी तीनेक दिवस आधी संपवल्या. त्याच वर्षी, २००६ मध्ये, नुनेस आणि ड्रेझ या दुसऱ्या जोडीने गाड्या धुण्याच्या एका केंद्रावर हीच युक्ती केली. आठ घरांचं कोरं कार्ड मिळालेल्यांपैकी १९ टक्क्यांनी ते पूर्ण केलं. दोन शिक्के भेट दिलेलं दहा घरांचं कार्ड ३४ टक्क्यांनी पूर्ण केलं. कोणाचंही काम एका शिक्क्यानेही कमी झालेलं नव्हतं. आपण 'सुरुवात करून बसलो आहोत' एवढा भास पुरला.

म्हणजे आपली ओढ खऱ्या अंतरावर ठरतच नाही. ती ठरते मनाने आखलेल्या रेघेपासूनच्या अंतरावर. आणि ही रेघ किती मनमानी असू शकते, याचं माझ्या मते सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे मॅरेथॉन.

मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची का? १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू झाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या कक्षासमोर संपली. ते अंतर भरलं २६ मैल ३८५ यार्ड. १९२१ साली तेच जगभरासाठी पक्कं झालं. आता घड्याळाकडे वळू. तासाची ६० मिनिटं आणि मिनिटाचे ६० सेकंद, ही बॅबिलोनच्या लोकांच्या साठाच्या हिशोबाची देणगी. तेव्हा 'चार तासांच्या आत मॅरेथॉन' हे आज लाखो माणसांचं आयुष्यातलं ध्येय कशातून जन्मलं? बॅबिलोनच्या आकडेमोडीतून आणि लंडनच्या राजाच्या खुर्चीच्या जागेतून. निसर्गात चार तासांना काडीचंही महत्त्व नाही. हृदयाला, फुप्फुसाला, पोटरीच्या स्नायूला चार तास आणि चार तास एक मिनिट यांतला फरक कळायचं कारण नाही.

पण कळतो! एरिक ॲलन, पॅट्रिशिया डिचाऊ, डेव्हिन पोप आणि जॉर्ज वू या चौघांनी सुमारे ९८ लाख मॅरेथॉन-वेळा गोळा केल्या आणि २०१७ मध्ये त्यांचा आलेख छापला. माणसांची उंची किंवा वजन मांडलं तर जशी गुळगुळीत टेकडी दिसते, तशी इथे दिसायला हवी होती. दिसल्या पायऱ्या. तीन तासांच्या अलीकडे गर्दी, पलीकडे एकदम ओसरलेली. साडेतीनला तेच. चारला तर मोठाच कडा, कारण ३ तास ५९ मिनिटांत पोहोचणारे पुष्कळ आणि ४ तास १ मिनिटात पोहोचणारे त्या मानाने बरेच कमी. शेवटच्या दोन किलोमीटरांत बहुतेक सगळे मंदावतात, कारण अंगातलं इंधन संपत आलेलं असतं. पण ज्यांना चार तासांची रेघ अजून गाठता येण्याजोगी असते ते कमी मंदावतात. काही तर वेग वाढवतात. संपलेल्या टाकीतून हे इंधन कुठून आलं, याचं उत्तर त्या आलेखात नाही. तिथे एवढंच दिसतं, की एक काल्पनिक आकडा लाखो शरीरांना आपल्याकडे वाकवतो.

मुंबई मॅरेथॉनमध्ये परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ लागतो तिथे हे दरवर्षी जानेवारीत बघायला मिळतं. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत पुटपुटणारी माणसं मनात भागाकार करत असतात. याहून कठोर रेघ दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स शर्यतीची. १९२१ पासून चालत आलेली ही डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग यांच्यामधली साधारण ९० किलोमीटरची धाव. महाराष्ट्रातून, विशेषतः पुण्या-मुंबईतून, तिथे बरेच जण जातात. मुदत १२ तास. मुदत संपत आली की अंतिम रेषेवर एक पदाधिकारी बंदूक घेऊन उभा राहतो, तोही धावणाऱ्यांकडे पाठ करून. कोण किती जवळ आलंय हे त्याला दिसूच नये म्हणून. बारा तास झाले की बार उडतो आणि वाट बंद होते. ९० किलोमीटर धावून आलेला माणूस दोन पावलं अलीकडे राहिला तरी त्याला पदक नाही. ते दृश्य बघवत नाही. पण शेवटच्या पाच मिनिटांत, एकमेकांना खांद्यावर घेत, लंगडत, अक्षरशः रांगत आत येणारी माणसं बघितली की कळतं, बंदूक नसती तर यांतले निम्मे मघाशीच रस्त्याच्या कडेला बसले असते.

आयुष्यातल्या ध्येयांच्या बाबतीत आपण नेमकी ही रेघच आखत नाही. 'यंदा तब्येतीकडे लक्ष द्यायचं', 'जरा वाचन वाढवायचं', 'जमेल तेवढं इंग्रजी सुधारायचं'. हे ऐकायला समंजस वाटतं. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या दोघांनी अनेक दशकं घालवून दाखवलं, की 'जमेल तेवढं' म्हटलं की थोडंच जमतं. त्यांच्या कामातलं माझं आवडतं उदाहरण ओक्लाहोमातल्या लाकूडतोडीच्या ट्रकांचं आहे. १९७५ मध्ये लॅथम यांनी ते प्रसिद्ध केलं. ट्रकचालक ओंडके भरून गिरणीत न्यायचे. कायद्याने जेवढं वजन चालतं त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच माल भरायचा, कारण जादा वजन झालं तर दंड. 'होईल तेवढा जास्त भरा' असं सांगून झालंच होतं. मग त्यांना एक आकडा दिला: ९४ टक्के. पैसे वाढवले नाहीत, बक्षीस ठेवलं नाही, आकडा गाठला नाही तर ओरडणार नाही असंही सांगितलं. काही महिन्यांत ट्रक नव्वद टक्क्यांपुढे भरून जायला लागले. वजनाचा अंदाज नीट यावा म्हणून ट्रकच्या खुंटांत काय बदल करायचा, हेही चालकांनीच सुचवलं. आपापसांत चढाओढ लागली. साठ टक्क्यांवर मख्ख बसलेल्या माणसांच्या डोक्यात ही कल्पकता आधीपासूनच होती. ती बाहेर यायला दोन अंकी संख्या लागली.

आकड्याची ही ताकद बेफाम सुटली तर काय होतं, हे वेल्स फार्गो बँकेने दाखवून दिलं. प्रत्येक ग्राहकाच्या गळ्यात आठ खाती-योजना मारायचं लक्ष्य कर्मचाऱ्यांना होतं. लोकांना न विचारता लाखो खाती उघडली गेली आणि २०१६ मध्ये बँकेला १८ कोटी ५० लाख डॉलरचा दंड झाला. आणखी एक मेख आहे. ट्रकवाल्यांना ट्रक भरता येत होता. जे काम अजून येतच नाही त्यात निकालाचा आकडा लावून घेतला तर माणूस गडबडतो. पेटी शिकायला लागलेल्याने 'तीन महिन्यांत मैफल' असं ठरवू नये. अमुक इतके अलंकार स्वच्छ वाजवायचे, असं शिकण्याचंच लक्ष्य ठेवावं. नंतरच्या प्रयोगांतही हेच दिसलं आहे.

सुरुवातीला उत्साह असतो, शेवटाला ओढ असते. घोडं अडतं मधे. माफेरिमा तुरे-तिलरी आणि आयलेट फिशबाख यांनी ज्यूंच्या हनुका सणाचा अभ्यास केला. आठ रात्री रोज दिवे लावायचे असतात. पहिल्या आणि शेवटच्या रात्री लोक नेमाने लावतात, मधल्या रात्रींना चुकवतात. नवरात्रात आपल्याकडे काही वेगळं होत नसावं. घट बसताना घर भरलेलं असतं, उठतानाही असतं. पाचव्या माळेला माळ कोणी आणायची यावर वाद होतो. याच दोघींनी लोकांना कात्री देऊन एकसारखे आकार एकामागून एक कापायला बसवलं. पहिला आकार लोकांनी मन लावून कापला, शेवटचाही. मधल्यांचे कोपरे बिघडले. बघायला कोणी नव्हतं, पण पहिल्या-शेवटच्या कामातून आपण कसे आहोत हे आपल्यालाच कळतं, आणि मधल्या कामाची कोण आठवण ठेवतो, असा हिशोब मन परस्पर करून टाकतं.

यावर उपाय एकच: मधला टप्पा लहान करायचा. वर्षाचं ध्येय घेतलं तर दहा महिने मधलेच असतात. आठवड्याचं घेतलं तर मंगळवार-बुधवारच तेवढे अवघड. वारीच्या आखणीकडे या नजरेने बघितलं तर थक्क व्हायला होतं. आळंदी ते पंढरपूर हे अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, पण वारकरी कधीच अडीचशे किलोमीटर चालत नाही. तो सासवडपर्यंत चालतो. मग जेजुरीपर्यंत. मग वाल्ह्यापर्यंत. मुक्काम ठरलेला, दिंडीचा क्रमांक ठरलेला, रथाच्या पुढे की मागे हेही ठरलेलं. आणि कंटाळा दाटायला लागला की रिंगणं सुरू होतात, अश्व धावतो, टापांखालची माती कपाळाला लागते. ज्यांनी हे बसवलं त्यांनी कात्री-कागदाचे प्रयोग केले नव्हते, पण माणसाचं मधलं मन त्यांना नेमकं ठाऊक होतं.

रेघ अगदी जवळ आल्यावर काही माणसं धावण्याऐवजी थबकतात, त्याचंही उत्तर ब्राऊनच्या दोरीत आहे. त्याने काही उंदरांना बोळाच्या टोकाला खाण्याऐवजी विजेचा झटका दिला आणि ते त्या टोकापासून दूर जायला किती ओढतात ते मोजलं. टोकाजवळ ही भीतीची ओढ फार मोठी निघाली, आणि जरा अंतर पडताच ती झपाट्याने उतरली. म्हणजे इच्छा आणि भीती दोन्ही जवळ गेल्यावर वाढतात, पण भीतीचा चढ जास्त उभा. नील मिलर यांनी अशा दोन चढांवर मनातल्या कुतरओढीचा सिद्धान्तच बांधला. एकाच गोष्टीची इच्छा आणि भीती असली, की लांबून ती हवीशी वाटते आणि जवळ गेल्यावर पाय मागे येतात. म्हणून पीएचडीची चार प्रकरणं धडाधड लिहिणारा विद्यार्थी शेवटच्या प्रकरणाला आला की कपाट आवरायला घेतो. लग्न ठरेपर्यंत उत्साहात असलेला मुलगा साखरपुड्यानंतर गप्प होतो. त्यांना घरचे आळशी किंवा चंचल म्हणतात. माझ्या मते त्यांना भाषण देण्यात अर्थ नाही. शेवटी कशाची भीती वाटते आहे, तेवढं त्यांच्याकडून काढून घ्यावं.

मग प्रेरणेचं काय? डोळे मिटा, यश मिळालं आहे असं बघा, हे सांगणारी पुस्तकं पुण्यातल्या फुटपाथवर ढिगाने मिळतात. गाब्रिएले ओटिंगेन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी थॉमस वॅडन यांच्याबरोबर १९९१ मध्ये वजन कमी करण्याच्या एका वर्षभराच्या कार्यक्रमातल्या २५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याला हे जमेल, असा भरवसा असलेल्यांचं वजन भरवसा नसलेल्यांपेक्षा सरासरी १२ किलोने जास्त उतरलं. अपेक्षेप्रमाणेच. पण आपण बारीक झालो आहोत, मैत्रिणी कौतुक करताहेत, अशी गोड चित्रं रंगवणाऱ्यांचं वजन इतरांपेक्षा सरासरी ११ किलोने कमी उतरलं. भरवसा आणि स्वप्नरंजन या दोन गोष्टी आपण एकाच डब्यात भरतो, आणि त्यांची तोंडं विरुद्ध दिशांना आहेत! ओटिंगेन यांनी पुढे दाखवलं, की यशाचं चित्र रंगवलं की अंग सैलावतं, रक्तदाबही किंचित उतरतो, जणू काम होऊन गेलं. चित्र रंगवल्यावर लगेच आपल्यातला अडथळा समोर ठेवला, तर मात्र तेच चित्र कामाला येतं.

याच पुस्तकांत आणखी एक गोष्ट हमखास भेटते. येल विद्यापीठाच्या १९५३ च्या तुकडीतल्या फक्त तीन टक्के विद्यार्थ्यांनी ध्येयं लिहून काढली होती, आणि वीस वर्षांनी त्या तीन टक्क्यांकडे बाकी सगळ्यांपेक्षा जास्त संपत्ती होती. असा अभ्यास झालेलाच नाही. १९९६ मध्ये फास्ट कंपनी या मासिकाने शोध घेतला, तेव्हा येलनेच ते सांगितलं. हल यांनी उंदीर खरोखर पळवले ते येल, आणि न केलेल्या अभ्यासासाठी जगभर गाजलं तेही येल.

झालेले अभ्यास जास्त चकित करणारे आहेत. २००२ मध्ये मिल्न, ऑर्बेल आणि शीरन या तिघांनी ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांचे तीन गट केले. पुढच्या आठवड्यात निदान एकदा वीस मिनिटं दमदार व्यायाम करायचा. पहिल्या गटाला वेगळं काहीच सांगितलं नाही. दुसऱ्याला व्यायामाने हृदयविकार कसा टळतो याचं प्रेरक लिखाण वाचायला दिलं. तिसऱ्याने तेच वाचलं, पण शिवाय एक वाक्य लिहिलं: अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी मी व्यायाम करीन. पहिल्या दोन गटांत ३५ ते ३८ टक्क्यांनी व्यायाम केला. प्रेरणेने तसूभरही फरक पडला नाही. तिसऱ्या गटात ९१ टक्क्यांनी केला.

हे जर-तरचं तंत्र पीटर गोलविट्झर यांचं. ९४ अभ्यास एकत्र करून त्यांनी आणि शीरन यांनी ते तपासलं आहे. दरवेळी ९१ टक्क्यांसारखा चमत्कार होत नाही, पण परिणाम बऱ्यापैकी मोठा निघाला. यातली मेख अशी, की एकदा 'चहाचा कप विसळून ठेवला की बूट घालायचे' असं ठरलं, की निर्णय माणसाकडून कपाकडे जातो. त्या क्षणी इच्छा आहे की नाही, हे कोणी विचारतच नाही.

इच्छेचं डोक्यात नेमकं काय होतं, याचा एक धागा जॉन सालामोन यांच्या प्रयोगांत मिळतो. पुन्हा उंदीरच. एका बाजूला थोडं खाणं, वाट मोकळी. दुसऱ्या बाजूला जास्त खाणं, पण मधे चढून जावी लागेल अशी जाळीची भिंत. धडधाकट उंदीर भिंत चढतो. मेंदूच्या एका विशिष्ट भागातलं डोपामिन कमी केलं, की तो मोकळ्या वाटेचं थोडकं खाणं घेऊन गप्प बसतो. त्याला खाणं नकोसं झालेलं नसतं, आणि भिंत चढायची ताकदही गेलेली नसते. मोकळ्या बाजूला काहीच ठेवलं नाही, तर तो निमूट भिंत चढतो. गेलेलं असतं ते एवढंच: जास्तीसाठी कष्ट मोजायची तयारी. डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन, असं आपण वर्तमानपत्रांत वाचतो. या उंदरांकडे बघून ते कष्टाचा सौदा पटवणारं रसायन जास्त वाटतं. आणि माझ्यासारख्या माणसाला त्यातली व्यवहारातली गोष्ट दिसते ती ही, की भिंतीपलीकडचं ताट मोठं करण्यापेक्षा अलीकडचं फुकटचं ताट उचलून ठेवणं सोपं. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवणारे विद्यार्थी नकळत हेच करतात.

राहिला खाडा. पाडव्याला सुरू केलेला नेम वैशाखात एक दिवस चुकतो, आणि 'आता मोडलाच' म्हणून आपण तो सोडून देतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या नव्या सवयी रोज नोंदवून घेतल्या. एखाद्या दिवसाच्या खाड्याने सवय जडायच्या वाटेत म्हणावा असा फरक पडला नाही. सवय अंगवळणी पडायला लागलेला मधला आकडा ६६ दिवस. कोणाला १८ पुरले, कोणाचा अंदाज २५४ वर गेला. पाणी पिण्यासारखी सवय लवकर लागली, व्यायामाला वेळ लागला. 'एकवीस दिवसांत सवय' हे सूत्र आलं मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनकडून. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, असं त्याने १९६० च्या पुस्तकात लिहिलं. 'किमान' वाटेत गळालं, आणि नाकाचं सूत्र सगळ्या आयुष्याला लागलं.

खाड्याचा सर्वांत मोठा पुरावा २०२१ चा. केटी मिल्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका व्यायामशाळांच्या साखळीच्या ६१,२९३ सदस्यांवर चार-चार आठवड्यांचे ५४ वेगवेगळे कार्यक्रम एकाच वेळी लावून बघितले. आठवणीचे संदेश, पैसे, कौतुक, खेळ, सगळं. पहिला नंबर आला एका अगदी किरकोळ युक्तीचा. खाडा झाल्यानंतर जो परत येईल, त्याला साधारण ९ सेंटचं जादा बक्षीस. इतक्या पैशात अमेरिकेत काही मिळत नाही. या गटाच्या फेऱ्या आठवड्याला २७ टक्क्यांनी वाढल्या. बक्षीस न चुकल्याबद्दल नव्हतं, चुकून परत आल्याबद्दल होतं.

चार आठवडे संपले, बक्षिसं थांबली. त्यानंतरही मोजता येईल असा परिणाम टिकला तो ५४ पैकी फक्त ८ टक्के कार्यक्रमांचा, म्हणजे जेमतेम चार-पाचांचा. नामवंत शास्त्रज्ञ, हजारो माणसं आणि भरपूर पैसा हाताशी असून ही गत. तेव्हा एकवीस दिवसांत आयुष्य बदलून देणारा कोणी तुमच्या दारात आला, तर पैसे मोजण्यापूर्वी त्याला बाविसाव्या दिवशी काय होतं, तेवढं जरूर विचारा.